उकंडा बसायला आला

पुसदच्या गोदाम गल्लीत कोणी मेलं की रडण्याच्याही आधी एक वाक्य ऐकू यायचं, "उकंडाले सांगा." डॉक्टरनं मान हलवली की एक जण सायकल काढून निघायचाच. उकंडा खंदारे एसटीच्या वर्कशॉपात टायर सेक्शनला होता. ड्यूटीवर असला तर साहेबाला सांगून यायचा, घरी झोपलेला असला तर तसाच बनियनवर यायचा. बांबू कोणत्या टालावर चांगले, मडकं कोणत्या कुंभाराकडचं, मांजरपाट किती वार, सगळं त्याला तोंडपाठ. सत्तावीस वर्षं तो त्या गल्लीत राहिला आणि त्या सत्तावीस वर्षांत गल्लीतली एकही तिरडी दुसऱ्या कोणी बांधली नाही. काही घरं अशी होती की एरवी त्याला चहा ओट्यावरच मिळायचा. त्यांचीसुद्धा त्यानंच बांधली.

त्याची एक पद्धत होती. नायलॉनची दोरी तो हातात धरत नसे. बांबू गुळगुळीत, नायलॉनही गुळगुळीत, मग गाठ टिकणार कशी? तो सुतळीच घ्यायचा. आडव्या कामट्या फुलीत आवळायचा आणि सगळं बांधून झालं की प्रत्येक गाठीवर ओंजळभर पाणी मारायचा. सुतळी पाणी प्याली की आवळून बसते. मग उभा राहून म्हणायचा, "आता नदीवर जाईपर्यंत हालत नाही."

तिरडी बांधली की झालं काम, असंही त्याचं नव्हतं. तो बसायला जायचा. मयत झालेल्या घरी जाऊन बसायचं, एवढंच. बोलायचं काही नसतं. सतरंजीवर टेकायचं, गेलेल्या माणसाची एखादी आठवण निघाली तर हो म्हणायचं, अर्ध्या तासानं उठायचं. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण त्या घरी तशा कामासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये. उकंडा दहा-दहा दिवस रोज जायचा. लोक एकदा तोंड दाखवून मोकळे व्हायचे, हा मात्र वर्कशॉपातून सुटला की हातपाय धुऊन थेट तिकडे.

आठ वर्षांपूर्वी त्याची बायको मथुराबाई गेली. तेव्हाही कोणीतरी सवयीनं बोलून गेलंच, "उकंडाले सांगा." मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बांबू आले, सुतळी आली आणि माणसं हाताची घडी घालून उभी राहिली. बांधता कोणालाच येत नव्हती. शेवटी उकंडा आतून उठून आला, बाहीनं डोळे पुसले आणि आपल्या बायकोची तिरडी आपल्याच हातानं बांधली. गाठींवर पाणीही मारलं. या शहाण्याला त्याच दिवशी काय ते समजायला हवं होतं. पण छे! उलट हा पुढे वर्षभर लोकांना सांगत होता, की माया मथुरासाठी अख्खी गल्ली दारात उभी होती.

मथुराबाई गेल्यावर लगेच पोरगा विक्की त्याला उमरखेडला घेऊन गेला. विक्कीचं तिथं खत-बियाण्यांचं छोटं दुकान. घरी काही दुखतखुपत नव्हतं. सून वेळेवर ताट वाढायची, पोरानं गुडघ्याचं ऑपरेशन करून दिलं. पण उकंडा आठ वर्षं तिथं पाहुण्यासारखा राहिला. शेजारी कोणी गेलं तरी ओट्यावरून पाहायचा, उठायचा नाही. म्हणायचा, आपली माणसं पुसदले हायेत. आपल्याले चार खांदे पाहिजेत, ते तिथंच मिळतील.

सत्तरी उलटल्यावर त्याला एवढंच हवं होतं. मरायचं तर गोदाम गल्लीत, आपल्या माणसांत. श्रीकृष्णाच्या घरामागं एक खोली होती. ती मागायची आणि उरलेले दिवस तिथं काढायचे, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. श्रीकृष्ण म्हणजे तहसीलमधून रिटायर झालेला कारकून, उकंडाचा जिवलग दोस्त. उकंडा त्याला किसना म्हणायचा. किसनाचे वडील, आई, मोठा भाऊ, तिघंही उकंडाच्या हातच्या तिरडीवरून गेले होते.

गुडघ्यापायी चार वर्षं त्याचं पुसदला जाणं झालं नव्हतं. तिकडून फोन यायचे, तेही गेल्या दीड-दोन वर्षांत बंद पडले होते. पण हा दर दसऱ्याला फोन लावणारच. मागच्याच्या मागच्या दसऱ्याला किसनाला तीनदा लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला. गल्लीतल्या दुसऱ्या दोस्ताचा, धावजीचा, नंबर तर बंदच लागायचा. उकंडानं मनात म्हटलं, किसनाले आता ऐकू येत नसंन. पुढच्या दसऱ्याला मग त्यानं लावलाच नाही, म्हाताऱ्याला उगाच फोनकडे पळवायचं कशाला! दुसऱ्याच्या वतीनं सबबी शोधण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता.

गेल्या माघात उमरखेडच्या बाजारात लसूण विकायला बसलेल्या एका पुसदच्या बाईकडून त्याला कळलं, की धावजी आडेची आई सुखीबाई परवा गेली. उकंडा तिथंच पिशवी धरून खाली बसला. नोकरीला लागला तेव्हा तो पुसदमध्ये एकटा होता, खोलीत स्टोव्हसुद्धा नव्हता. त्या वेळी या सुखीबाईनं दीड वर्ष त्याला भाकर घातली होती. ती तांड्यावरून गावात आलेली बंजाऱ्याची बाई. उकंडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे तिच्या गोरबोलीत आई. धावजी आणि उकंडा तिच्या चुलीपुढं एकाच ताटात जेवलेले.

रात्रीच त्यानं पिशवी भरली. दोन शर्ट, टॉवेल, तांब्या, बीपीच्या गोळ्या, आणि पेपरात गुंडाळलेला मथुराबाईचा फोटो. विक्कीनं विचारलं, बसायला जाता तर फोटो कशाला? उकंडा म्हणाला, जातोच हाय तं खोलीचंही बोलून घेतो. भेटली तं फोटो पयले टांगतो, मंग बाकी सामान तू आणून देजो. विक्कीनं वाद घातला नाही. बापाचा हट्ट त्याला माहीत होता.

सकाळची गाडी सव्वा तासात पुसदला पोचली. हे अंतर लक्षात ठेवा, सव्वा तास. अर्ध्या तिकिटाचा प्रवास.

गल्लीच्या तोंडाशी जुना इस्त्रीवाला अजून होता. उकंडानं हात उंचावून रामराम केला. इस्त्रीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि इस्त्री शर्टावर तशीच राहू दिली. शर्ट जळाल्याचा वास आला तरी त्याचा हात हलेना. उकंडा मनात म्हणाला, याले बी दिसत नाही वाटते धड. तो पुढे गेला.

धावजीच्या दारात छोटा मंडप होता. बायका एका सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या. उकंडानं चपला काढल्या, हात जोडले आणि आत पाऊल टाकलं. बायकांतून एक किंकाळी उठली. एक म्हातारी जागच्या जागी मागे सरकून भिंतीला टेकली आणि राम राम पुटपुटू लागली. पुरुषांतले दोघं उठून उभेच राहिले. उकंडाला वाटलं, मागून साप-बिप आला की काय! त्यानं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

शेवटी धावजी पुढे आला. त्यानं उकंडाचं मनगट धरलं, दाबून पाहिलं आणि तोंड वासून म्हणाला, "उकंडाभाऊ, तुमी तं मेलते."

आता बोला! मयतीला बसायला आलेल्या माणसाला असं सांगितल्यावर त्यानं काय करावं? उकंडा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसणारा तो एकटाच आहे.

धावजीनं खाली बसवून पाणी दिलं आणि मोबाइल काढून दाखवला. प्रकार असा झाला होता. पुढच्याच महिन्यात, फाल्गुनात, त्याला दोन वर्षं होणार होती. वर्कशॉपातला एक जुना मेस्त्री दारव्ह्याकडे वारला. पिंटू नावाच्या फिटरनं मोबाइलमध्ये त्याचा फोटो शोधला. एकच सापडला, उकंडाच्या निरोपसमारंभाचा. त्यात मेलेला मेस्त्री कडेला अर्धाच दिसत होता, आणि मधोमध उभा होता उकंडा, गळ्यात झेंडूचा जाड हार घालून. पिंटूनं नाव न घालता खाली लिहिलं, आपला जिवाभावाचा साथी हरपला. हार घातलेला फोटो आणि खाली हरपला, मग दुसरं कोण काय समजणार? तासाभरात तो फोटो 'गोदाम गल्ली परिवार' या ग्रुपवर आला. पिंटूनं दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या ग्रुपवर खुलासा टाकला, पण तो गल्लीपर्यंत पोचलाच नाही. उकंडाकडे साधा बटणाचा फोन. त्याला कुठला ग्रुप आणि कुठलं काय.

उकंडानं चष्मा लावून एक-एक निरोप वाचला. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, हात जोडलेले, एका मागून एक. कोणी लिहिलं होतं, देवमाणूस गेला. कोणी लिहिलं होतं, गल्ली पोरकी झाली. श्रीकृष्णाचंही होतं, माझा भाऊ गेला. उकंडाला वाचताना बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा. आपल्या मरणाची एवढी गोडगोड वाक्यं कोणाला वाचायला मिळतात! तो वाचत राहिला, वाचत राहिला, आणि मग हळूच त्यानं मोबाइल धावजीच्या हातात दिला.

त्यानं विचारलं, "मंग बसायले कोनी काहून नाही आलं?"

आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. एक जण चाचरत म्हणाला, कोरोना होता ना भाऊ. दुसऱ्यानंच त्याला कोपर मारलं. कोरोना जाऊन तेव्हा दोन सालं झाली होती. मग कोणी गुडघे दुखत असल्याचं काढलं, कोणी पोराच्या परीक्षेचं. एकानं तर सांगितलं की विक्कीचा पत्ता कोणाला माहीत नव्हता. याच माणसाच्या पोराला विक्कीनं त्याच्या आदल्या साली उमरखेडला दुकानात कामाला ठेवलं होतं, एक पूर्ण हंगाम. उकंडानं त्याची आठवण करून दिली नाही.

शेवटी कोपऱ्यातला एक जण विषय बदलायला म्हणून सुखीबाईच्या मयतीचं सांगू लागला. पोरांनी नायलॉनची दोरी आणली होती. पुलाच्या चढावर मधली कामटी सरकली आणि म्हातारी एका अंगाला कलली. चौघांनी धरली म्हणून बरं, नाहीतर रस्त्यात पडली असती. सगळे तेव्हा हेच म्हणाले, तो सांगत होता, की उकंडाभाऊ असते तं असं नसतं झालं.

"मी होतोच ना," उकंडा म्हणाला.

धावजीची बायको बबिता दारातून हे ऐकत होती. तिनं उकंडाला आत बोलावलं. आत सुखीबाईची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. बबितानं पदर तोंडाला लावला आणि तुटक-तुटक सांगितलं. उकंडा गेल्याचं ऐकलं त्या दिवशी सुखीबाईनं चूल पेटू दिली नाही. थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली, माया लहाना पोरगा गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात येऊन बसली, मले उमरखेडले घेऊन चला, विक्कीजवळ बसून येतो. धावजी म्हणाला उद्या. मग पेरणी झाली की. मग पाऊस उघडला की. म्हातारीला एकटीला गाडीत चढता येत नव्हतं. सहा महिने रोज ते लुगडं नेसायची. मग नेसायची सोडली, पण मरेपर्यंत जेवताना पहिला घास ताटाच्या बाजूला काढून ठेवायची. कोणासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

बबिता म्हणाली, "दादा, मी बी नाही नेलं तिले. मी तरी न्यायले पाह्यजे होतं."

उकंडा त्या उभ्या खाटेकडे पाहत राहिला. रडू त्याला आतापर्यंत आलं नव्हतं, ते आता आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. आयुष्यात इतक्या घरी जाऊन बसलेला माणूस, पण दुसऱ्याच्या घरी असा कधी रडला नव्हता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बबिता, याडी आता वर मले हुडकत असंन. अन् मी तिथी नाही."

बाहेर आल्यावर तो पुरुषांच्या सतरंजीवर टेकला. अर्धा तास होईपर्यंत बसला. रागावला होता, पण आला होता याडीसाठी, आणि बसणं पुरं केल्याशिवाय उठणं त्याला जमणार नव्हतं. मग पिशवी उचलून गल्लीच्या टोकाला निघाला, श्रीकृष्णाच्या घराकडे.

आणि काय सांगावं, चालताना हा बाबा अजूनही सबबीच शोधत होता! बाकीच्यांचं सोडा, ते गल्लीतले शेजारी. किसना तसा नाही. किसना तेव्हा आजारी असेल. दवाखान्यात असेल. डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. किसनाला धड असतं तर तो पहिल्या गाडीनं आला असता. या एका गोष्टीवर उकंडाचा अजून भरवसा होता. त्या मागच्या खोलीचं जे काही होतं, ते सगळं याच एका गोष्टीवर टेकलेलं होतं.

उकंडा आल्याची बातमी त्याच्या आधी पोचली होती. श्रीकृष्ण दारातच उभा होता. त्यानं उकंडाला मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला, अरे लेका, अरे लेका, एवढंच म्हणत राहिला. प्रकृती ठणठणीत दिसत होती. कानाला मशीन नव्हतं, आणि आतून त्याच्या बायकोनं, शीलावहिनींनी, हळू आवाजात साखरेचं विचारलं तेसुद्धा त्यानं ऐकलं. उकंडाच्या हे लक्षात आलं.

शीलावहिनी चहा घेऊन आल्या. त्या मनानं सरळ बाई, पोटात काही राहत नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, भाऊजी, मला तेव्हापासून चैन नव्हतं. आणि मग बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. बातमीनंतरच्याच वैशाखात दोघं नवराबायको उमरखेडला लग्नाला गेले होते. कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत विक्कीचं घर, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या होत्या, दहा मिनिटं बसून येऊ. पण यांचं म्हणणं पडलं, की लग्नाच्या पंगतीतून उठून दुखवट्याच्या घरी जात नसतात. गोड खाल्लेल्या तोंडानं बसायला जाणं बरोबर दिसत नाही. मग चारच्या गाडीनं दोघं परत आले.

श्रीकृष्ण बायकोकडे पाहत होता. शीलावहिनींना उशिरा समजलं आणि त्या ट्रे उचलून आत गेल्या.

उकंडाला तो दिवस आठवला. त्या दिवशी कार्यालयातला बँड दुपारभर वाजत होता. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, सुनेला म्हणाला होता की कोणाचं तरी जोरात लग्न दिसते. मध्ये फक्त एक गल्ली होती. श्रीकृष्णानं नुसतं कोपऱ्यावरून डोकावलं असतं, तरी मेलेला दोस्त खुर्चीवर बसलेला दिसला असता.

उकंडा म्हणाला, ठीक आहे. रीत आहे, मी मान्य करतो. गोड खाऊन बसायले जात नाहीत. मग त्यानं कप खाली ठेवला.

"किसना, दसऱ्याले मी तुले फोन लावलता. तिन्दा."

श्रीकृष्ण बराच वेळ नखाशी चाळा करत बसला. खोटं बोलायचं म्हटलं असतं तर जमलं असतं, तीस वर्षं तहसीलमध्ये काढलेली होती. पण समोर उकंडा होता.

"तुया नंबर दिसला," तो म्हणाला. "वाटलं, विक्की हाय. बापाच्या फोनवरून लावून राह्यला. आता याले काय सांगू, कोन्या तोंडानं बोलू, की मी आलो काहून नाही. म्हून नाही उचलला."

"तिन्दा बी?"

"तिन्दा बी."

उकंडाला शिवी द्यायची होती, वर्कशॉपातल्या साऱ्या त्याला येत होत्या. एकही बाहेर पडली नाही. मेलेल्या दोस्ताचा फोन वाजतो, समोर त्याचा बापाविना पोरगा असेल असं वाटतं, आणि हा माणूस फोनकडे पाहत बसतो, वाजून थांबेपर्यंत. एकदा नाही, तीनदा. विक्कीला खरंच काही लागलं असतं तर? तिरडी बांधणारा हवा असता तर?

त्याचं गप्प राहणं श्रीकृष्णानं माफी समजलं. जीव भांड्यात पडल्यासारखा तो मोकळेपणानं बोलू लागला. जवळ सरकून त्यानं उकंडाच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुखीबाईचं ते पुलावर झालं तेव्हापासून त्याला झोप नव्हती, म्हणाला. आजकालच्या पोरांना काही येत नाही. आणि मग अगदी मनापासून, जिव्हाळ्यानं बोलला, "तू जिता हाय हे पाहून लय बरं वाटलं रे. म्हनलं, मायी कोन बांधन? आता काळजी नाही. तुयाच हातची भेटन."

शीलावहिनी दारात आल्या होत्या. त्यांना पिशवी दिसली. त्या म्हणाल्या, भाऊजी, एवढी मोठी पिशवी आणली, तर राहाच चार दिवस. मागची खोली रिकामीच पडली आहे. खरं तर कायमचेच या ना इकडे. यांनाही सोबत होईल.

ज्यासाठी आठ वर्षं थांबला, ती खोली न मागता समोर आली होती. श्रीकृष्ण मान हलवत होता, हो, ये ना, ये. उकंडानं पिशवीवर हात ठेवला. पेपरात गुंडाळलेली फोटोची चौकट हाताला लागली.

"विक्कीचं सामान हाय पिशवीत," तो म्हणाला. "नेऊन द्या लागते."

तो उठला. श्रीकृष्ण जेवायला थांब म्हणाला, शीलावहिनींनी भाकरीचं पीठ काढलंही होतं. उकंडानं कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या. दारापाशी क्षणभर थांबला. श्रीकृष्ण वाट पाहत होता, की हा आता नेहमीसारखा 'येतो रे किसना' म्हणेल. इतकी वर्षं या दारातून निघताना त्यानं तेच म्हटलं होतं. फक्त तीनदा नाही, श्रीकृष्णाचे वडील गेले तेव्हा, आई गेली तेव्हा आणि भाऊ गेला तेव्हा.

उकंडा काही न म्हणता पायऱ्या उतरला. श्रीकृष्ण चौकटीला धरून उभा राहिला. त्याला बरोबर समजलं, आणि त्याचा चेहरा पडला. तो दोन पावलं मागोमाग आला, हाक मारली, उकंडा, अरे बोल तरी काही. उकंडानं मागे पाहिलं नाही. इस्त्रीवाल्याला मात्र त्यानं जाता जाता पुन्हा रामराम केला, आणि या खेपेला त्यानंही केला.

दुपारची उमरखेड गाडी भरलेली होती. खिडकीजवळ एक बाई टोपलं मांडीवर घेऊन बसली होती, तिनं सरकून जागा दिली. कंडक्टर आला. उकंडानं अर्धं तिकीट घेतलं, पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. गाडी पूल ओलांडत होती. याच चढावर याडी कलली होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. उकंडानं काढून पाहिलं. किसना. त्यानं तो तसाच हातात धरून ठेवला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली.

बाई म्हणाली, "बाबा, तुमचा फोन वाजून राह्यला."

"वाजू दे, बाई," उकंडा म्हणाला. "ज्याच्यासाठी हाय, तो मानूस दोन सालं झाले वारला."